अँटवान डेव्हिस : १४४ सामने, प्रत्येकात दोन आकडी गुण

मिशिगनवासी

नमस्कार मंडळी. इथे बास्केटबॉलवर क्वचितच धागा निघतो, आणि निघाला तर एनबीएवर. आज ज्याच्याबद्दल लिहितोय तो कॉलेजचा खेळाडू. अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगचे, म्हणजे एनबीएचे संघ दरवर्षी ड्राफ्टमध्ये नवे खेळाडू निवडतात. २०२३ च्या ड्राफ्टमध्ये दोन फेऱ्या झाल्या, तरी त्याचं नाव कुणी पुकारलं नाही. मी डेट्रॉइटच्या उपनगरात बरीच वर्षं राहतोय. आमच्या घरापासून अर्ध्या-पाऊण तासावर हा मुलगा पाच हंगाम खेळला. आजही त्याचं नाव काढलं की समोरचा म्हणतो, "तोच ना, ज्याचा विक्रम तीन गुणांनी हुकला?" हो, तोच. पण त्या तीन गुणांच्या मागे जे झाकलं गेलं, ते कुठेतरी नीट मांडावं असं फार दिवस मनात होतं.

डेट्रॉइट मर्सी हे जेझुइटांचं जुनं विद्यापीठ. शहराच्या वायव्येला, लिव्हरनॉय रस्ता आणि सिक्स माइलच्या कोपऱ्यावर. कॅलिहान हॉल हे त्यांचं मैदान, आठेक हजार माणसं मावतात. पुढे एनबीए गाजवलेले डेव्ह डीबुशर आणि स्पेन्सर हेवूड इथलेच. समालोचक म्हणून सगळ्या अमेरिकेला माहीत असलेले डिक व्हिटाली सत्तरच्या दशकात इथे प्रशिक्षक होते, लाकडी कोर्टावर आज त्यांचंच नाव आहे. पण ते जुने दिवस. अलीकडे हा संघ हॉरायझन लीगमध्ये खेळतो. मोठ्या वाहिन्या जिचे सामने क्वचितच दाखवतात अशी ती लीग.

२०१८ मध्ये माइक डेव्हिस इथे प्रशिक्षक म्हणून आले. नामवंत प्रशिक्षक बॉब नाइटनंतर इंडियाना विद्यापीठाचा संघ ज्यांनी हाती घेतला आणि २००२ मध्ये राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम फेरीपर्यंत नेला, तेच हे. त्यांच्याबरोबर त्यांचा मुलगा आला, अँटवान. उंची सहा फूट एक इंच, अंगाने काटकुळा. पहिल्याच हंगामात त्याने १३२ थ्री पॉइंटर, म्हणजे ठरलेल्या रेषेबाहेरून पडणारे तीन गुणांचे शॉट, मारले. नवख्या खेळाडूचा तोवरचा विक्रम होता १२२, डेव्हिडसन कॉलेजच्या आणि पुढे एनबीएत गाजलेल्या स्टीफन करीचा.

पुढच्या चार वर्षांत तो काही वेगळा खेळाडू झाला नाही. पहिल्या दिवशी जे करत होता तेच शेवटच्या दिवसापर्यंत करत राहिला. माझ्या लेखी मोठेपण यातच आहे. पाच हंगाम, १४४ सामने, ३,६६४ गुण, सरासरी २५.४. या १४४ पैकी एकाही सामन्यात तो दहाच्या खाली आला नाही. ताप असेल, सर्दी असेल, पाय मुरगळला असेल, समोरच्या संघाने दोन-दोन माणसं अंगावर सोडली असतील, पण एकदाही नाही. कॉलेजच्या खेळांची संघटना म्हणजे एनसीएए. तिच्या पुरुषांच्या बास्केटबॉलमध्ये सलग इतक्या सामन्यांत असं दुसऱ्या कुणी केलेलं नाही.

५८८ थ्री पॉइंटर हाही विक्रमच. आधीचा विक्रम वॉफर्ड कॉलेजच्या फ्लेचर मॅगीचा, ५०९. म्हणजे डेव्हिसने तो मोडला आणि वर ७९ आणखी मारले. शेवटच्या हंगामात सरासरी २८.२ गुण, सगळ्या देशात पहिला.

आता त्या तीन गुणांकडे येतो. पुरुषांमध्ये सर्वाधिक गुणांचा विक्रम १९७० पासून लुइझियाना स्टेटच्या पीट मॅराविचच्या नावावर आहे, ३,६६७. २८ फेब्रुवारी २०२३ ला लीगच्या बाद फेरीत डेव्हिसने ३८ गुण काढले. बरोबरीला २५ हवे होते, मोडायला २६. दोन दिवसांनी, २ मार्चला, लीगमध्ये अव्वल ठरलेल्या यंग्सटाउन स्टेटशी त्यांच्याच मैदानावर सामना. मी घरी लॅपटॉपवर पाहत होतो. डेव्हिसने २६ शॉट घेतले, सात पडले. त्यांतले थ्री पॉइंटरचे प्रयत्न सोळा, पडले चार. फ्री थ्रोचे (फाउलनंतर मिळणारे एकेका गुणाचे शॉट) चार धरून एकूण २२. संघ ७१-६६ ने हरला. हंगाम १४ विजय, १९ पराभव असा संपला. त्यानंतर एका छोट्या, संघांनी पैसे भरून खेळायच्या स्पर्धेचं बोलावणं येईल अशी आशा होती. बरंच उलटसुलट बोललं गेलं. हरलेल्या संघाला केवळ विक्रमासाठी का घ्यायचं, असा सूर होता. बोलावणं आलं नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात ज्याने त्याने एवढंच विचारलं, "अरेरे, तीनच गुण ना?" तीन गुण म्हणजे बरोबर एक थ्री पॉइंटर. ज्याने ५८८ मारले त्याला ५८९ वा पडला नाही, म्हणून लोक ओळखतात.

त्या हिवाळ्यात मी कॅलिहान हॉलला दोन-तीनदा गेलो होतो. बाहेर बर्फ, आत निम्म्या खुर्च्या रिकाम्या. टीव्हीवर कॅमेरा चेंडूमागे फिरतो, त्यामुळे शूटिंग गार्डचं खरं काम दिसतच नाही. प्रत्यक्षात मी चेंडू सोडून फक्त त्याच्याकडे पाहत बसलो. एका बाजूच्या कोपऱ्यातून निघायचा, बास्केटखालून जायचा, आपल्याच सेंटरच्या, म्हणजे बास्केटजवळच्या उंच खेळाडूच्या, खांद्याला घासून दुसऱ्या बाजूला बाहेर यायचा. चेंडू नाही आला तर पुन्हा उलटा. एकेका चढाईत असे दोन-तीन फेरे. पाठीमागे एक माणूस सतत चिकटलेला, आणि दुसरा वाटेत उभा. सामना संपत आला की बचाव करणारे वाकून गुडघ्यांवर हात ठेवायचे. हा मात्र अजून पळत असायचा.

असा खेळाडू आपल्या नजरेतून निसटू नये, एवढ्यासाठी हा धागा. मतभेद असतील तर जरूर मांडा.

---

रानजाई

छान लिहिलंय. मला बास्केटबॉलमधलं काही कळत नाही, मुलगा आता शाळेच्या संघात गेलाय म्हणून वाचायला घेतलं. शूटिंग गार्ड म्हणजे नक्की काय? नावावरून वाटतं की शॉट मारणारा तोच. मग बाकीचे चौघे काय करतात?

---

मिशिगनवासी

रानजाईताई, प्रश्न अगदी योग्य. पाच जणांत सहसा दोन गार्ड. पॉइंट गार्ड चेंडू वर आणतो, खेळ मांडतो, कुणाला कधी द्यायचा ते ठरवतो. दुसरा शूटिंग गार्ड, बोलताना नुसतं 'टू' म्हणतात. लांबून शॉट पडण्याची धमकी सतत उभी ठेवणं हे त्याचं काम. तो लांब उभा असला की त्याला राखणाऱ्यालाही लांब जावं लागतं, आणि आत बास्केटजवळ आपल्या उंच मुलांना जागा मिळते. म्हणजे त्याने शॉट घेतला नाही तरी त्याच्या तिथे असण्याने दोन गुण होतात, आणि ते दुसऱ्याच्या नावावर लागतात.

शॉट पडावा यासाठी उंच मुलं स्क्रीन लावतात, म्हणजे भिंतीसारखी स्थिर उभी राहतात. गार्ड त्यांना चाटून जातो, मागचा माणूस भिंतीत अडकतो. अर्ध्या सेकंदाची फट मिळते, तेवढ्यात चेंडू घ्यायचा आणि सोडायचा.

डेव्हिसच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. संघात दुसरा भरवशाचा चेंडू हाताळणारा नसला की पॉइंट गार्डचं कामही त्याच्याकडेच यायचं. चेंडू वर आणायचा, दुसऱ्याला द्यायचा, मग स्क्रीनभोवती पळून तोच परत घ्यायचा.

---

आकडेमोड

लेख आवडला, कळकळ पोचली. पण मॅराविचवर अन्याय होतोय असं वाटलं, म्हणून लिहितो.

मॅराविच ८३ सामने खेळला. ३,६६७ भागिले ८३ म्हणजे सामन्यामागे ४४.२. डेव्हिसला जवळपास तिथे पोचायला १४४ सामने लागले, ६१ जास्त. शिवाय मॅराविचच्या काळात पहिल्या वर्षाच्या मुलांना मुख्य संघात खेळायची परवानगीच नव्हती, ती १९७२ पासून मिळाली. म्हणजे त्याला तीनच हंगाम. कॉलेज बास्केटबॉलमध्ये थ्री पॉइंटची रेषा सर्वत्र आली १९८६-८७ मध्ये. मॅराविचचा प्रत्येक लांबचा शॉट दोनचाच. त्याचे १,३८७ बास्केट आणि ८९३ फ्री थ्रो, गुणून बघा, बरोबर ३,६६७ येतात.

उलट डेव्हिसला कोविडमुळे पाचवं वर्ष मिळालं. २०२०-२१ चा हंगाम कुणाच्याच चार वर्षांत धरायचा नाही असं एनसीएएने ठरवलं होतं. तेव्हा तो विक्रम मोडला गेला नाही याचं मला तरी वाईट वाटलं नाही.

---

मिशिगनवासी

आकडेमोड, तुमचं सगळं गणित मान्य. विक्रम मॅराविचकडेच शोभतो, मीही तेच म्हणतो. मॅराविचचं मोठेपण त्या ४४.२ मध्ये आहे, ३,६६७ मध्ये तेवढं नाही. आणि माझी तक्रार तिथेच आहे. डेव्हिसला सगळ्यांनी त्याचा नसलेल्या मापाने मोजलं. त्याचं माप १४४ पैकी १४४. ते माप लावलं असतं तर २ मार्चच्या रात्री हार झाली असं कुणाला वाटलंच नसतं. त्या रात्रीही त्याने २२ गुण काढले होते.

पाचव्या वर्षाबद्दल एक मुद्दा. ते वर्ष त्या काळातल्या प्रत्येक खेळाडूला मिळालं होतं. हजारो मुलं पाच-पाच वर्षं खेळली. ३,६६४ पर्यंत एकटाच पोचला. मॅराविचनंतर दुसरं नाव १९७८ पासून पोर्टलंड स्टेटच्या फ्रीमन विल्यम्सचं होतं, ३,२४९. ती दुसरी जागा ४५ वर्षं हलली नव्हती, आणि डेव्हिस तिच्या चारशेहून जास्त गुण पुढे गेला.

---

जुना पिव्हट

नागपूरहून लिहितोय. खेळायचो तेव्हा पिव्हट, म्हणजे सेंटर होतो, आता शाळेतल्या मुलामुलींना शिकवतो.

लेखातलं एक निसटलं, ते जोडतो. डेव्हिसच्या पहिल्या हंगामात पुरुषांच्या कॉलेजची थ्री पॉइंटची रेषा ६.३२ मीटरवर होती. २०१९-२० पासून ती मागे गेली, आंतरराष्ट्रीय ६.७५ मीटरवर. फरक कागदावर ४३ सेंटिमीटर, एका ढांगेपेक्षा कमी. पण ज्याचा शॉट वर्षानुवर्षं एका अंतरावर बसलाय त्याला विचारा. हात तोच ठेवायचा आणि जोर पायातून वाढवायचा असतो. बहुतेक मुलं उलट करतात. हाताने ढकलायला जातात, कोपर बाहेर जातं, चेंडूची फिरकी बिघडते. दमल्यावर तर हमखास. डेव्हिससारख्या हलक्या अंगाच्या मुलाला हे जास्तच अवघड. त्याचे ५८८ पैकी पहिले १३२ जुन्या रेषेवरचे, बाकी सगळे लांबच्या रेषेवरचे.

दुसरं, दहाच्या खाली न जाण्याबद्दल. तीस वर्षं पोरांचे स्कोअर लिहितोय. तीस-पस्तीस गुणांचा एखादा दिवस बऱ्याच मुलांना येतो. हात चालतो त्या दिवशी काही करा, चेंडू आत जातो. पण हात चालत नाही त्या दिवशी मुलगा काय करतो, हे मी पाहतो. शॉट घेणं बंद करून कोपऱ्यात जाऊन उभा राहतो का? आत घुसून फाउल मिळवतो का? फ्री थ्रोवरून चार गुण काढतो का? शेवटच्या सामन्यात २६ पैकी १९ शॉट चुकले म्हणून लोक नावं ठेवतात. पंधरावा चुकल्यावर सोळावा घ्यायला छाती लागते. संघाला दुसरं कुणी नव्हतं, घ्यायचे त्यानेच होते.

---

कोपऱ्यातला

जुना पिव्हट काका, +१.

नागपाड्याला मस्तान वायएमसीएच्या कोर्टावर लहानपणी सामने बघायला जायचो. तिथे एक जण असाच होता. चुकला की पुन्हा घ्यायचा. बघणारे ओरडायचे, "पास दे रे". आता कळतंय तो का देत नव्हता.

---

टेकडीवरचा

माझं मत थोडं वेगळं आहे, रागावू नका.

हॉरायझन लीग दुय्यम दर्जाची. डेव्हिस पाच वर्षांत एकदाही एनसीएएच्या मार्चमधल्या मुख्य स्पर्धेत खेळला नाही. वडील प्रशिक्षक, म्हणजे बाकावर बसायची भीती नाही, कितीही शॉट घ्या. दुसऱ्या एखाद्या मुलाला त्याच संघात तेवढेच शॉट दिले असते तर? एनबीएच्या तीस संघांनी साठेक मुलं निवडली, त्यात हा नव्हता. तीसच्या तीस संघांचे जाणकार चुकले असं म्हणायचंय का?

---

मिशिगनवासी

टेकडीवरचा, रागावण्यासारखं काही नाही. हे प्रश्न इथेही सगळे विचारतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी वडिलांचं. पीट मॅराविचही वडिलांच्याच हाताखाली खेळला. प्रेस मॅराविच लुइझियाना स्टेटचे प्रशिक्षक होते. पीट सामन्यामागे ३८ शॉट घ्यायचा, डेव्हिस त्याच्या जवळपासही नव्हता. पीटच्या तीन हंगामांत त्याचा संघही एनसीएएच्या मुख्य स्पर्धेत पोचला नव्हता. म्हणजे वडील, ढिगाने शॉट आणि मार्चमधली गैरहजेरी, तिन्ही गोष्टी दोघांत सारख्या. एकाच्या बाबतीत त्या दंतकथेचा भाग झाल्या, दुसऱ्याच्या बाबतीत आक्षेपाचा.

आणि वडील प्रशिक्षक असणं हा नुसता फायदाच असतो असं मला वाटत नाही. संघ हरला की घरी जेवताना समोर प्रशिक्षकच.

लीग दुय्यम, हे मान्य. पण त्याची दुसरी बाजू बघा. मोठ्या संघातल्या शूटिंग गार्डच्या शेजारी आणखी तीन जण असे असतात की त्यांना मोकळं सोडता येत नाही. डेव्हिसच्या शेजारी तसं क्वचितच कुणी असायचं, म्हणून समोरच्या संघाची सगळी तयारी एकाच माणसासाठी. तरी १४४ सामन्यांत कुणालाही त्याला दहाच्या आत रोखता आलं नाही.

२०२२ चा हंगाम संपल्यावर त्याने ट्रान्सफर पोर्टलमध्ये, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीत, नाव टाकलं होतं. आता खेळाडूंना नावावर पैसे घेता येतात, जुलै २०२१ पासून नियमच बदलला. मोठ्या कॉलेजांना असा शूटर हवाच असतो. तो परत डेट्रॉइटलाच आला. तिकडे गेला असता तर कदाचित मार्चमध्ये टीव्हीवर दिसला असता, गुण मात्र कमी झाले असते. त्याने जे निवडलं त्याची किंमत त्याला ठाऊक असणारच.

एनबीएचं म्हणाल तर जाणकार चुकले असं मी म्हणत नाही. सहा फूट एक इंच, हलकं अंग, तिथल्या साडेसहा फुटी गार्डना राखायचं, त्यांची शंका मला समजते. पण कॉलेजातलं काम हे एनबीएची परीक्षाच असतं, हे मला पटत नाही. रणजीत वर्षानुवर्षं धावा करून कसोटीची टोपी न मिळालेले आपल्याकडे कितीतरी आहेत. त्यांच्या धावा आपण खोट्या मानत नाही.

"दुसऱ्या मुलाला तेवढेच शॉट दिले असते तर", याचं उत्तर दुर्दैवाने मिळालं. डेव्हिस गेल्यानंतरच्या हंगामात, २०२३-२४ मध्ये, डेट्रॉइट मर्सी ३२ सामने खेळली. जिंकला एक, हरले ३१. तो हंगाम संपला आणि माइक डेव्हिस यांची नोकरीही गेली.

---

आकडेमोड

एक विजय, ३१ पराभव? हे माहीत नव्हतं. मागच्या वर्षी १४, त्याच्याशिवाय एक. माझा मॅराविचबद्दलचा मुद्दा तसाच आहे, पण हा आकडा वाचून थबकलो.

अजून एक सापडलं. शेवटच्या हंगामात डेव्हिसचे थ्री पॉइंटर १५९. एका हंगामातला विक्रम स्टीफन करीचा, २००७-०८ चा, १६२. म्हणजे तिथेही तीनच कमी.

---

मिशिगनवासी

हो, तिथेही तीनच. कुणाशी याबद्दल बोललो नव्हतो कधी. पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा वाईट वाटलं होतं.

---

फुलराणी ७

उशिरा आले धाग्यावर. पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या कोर्टवर खेळायला जायचे, पुढे विद्यापीठाच्या संघातून दोन वर्षं खेळले. जागा हीच, शूटिंग गार्ड. म्हणून लिहायचा मोह आवरत नाही.

३,६६७ चा तो आकडा शेवटी मागे पडला, हे इथे कुणीच कसं लिहिलं नाही? ३ मार्च २०२४. आयोवाची केटलिन क्लार्क, ओहायो स्टेटविरुद्ध, घरच्या मैदानावर. डेव्हिसच्या त्या रात्रीनंतर एक वर्ष आणि एक दिवस. पहिला अर्धा संपता संपता समोरच्या संघाला टेक्निकल फाउल मिळाला आणि फ्री थ्रोवर ती मॅराविचच्या पुढे गेली. कॉलेज संपवलं तेव्हा ३,९५१. तिने हे १३९ सामन्यांत केलं.

त्या दिवशी सगळी अमेरिका बघत होती. मला आनंद झाला, डोळ्यांत पाणी आलं. मुलीचा खेळ एवढे लोक बघताना मी आयुष्यात पाहिले नव्हते. आम्ही खेळायचो तेव्हा बघायला फक्त आयाबाया आणि पुढच्या सामन्याची वाट बघणारा मुलांचा संघ.

पण डेव्हिसबद्दल वाचताना वाटलं की त्याची गत आमच्यासारखीच झाली. निम्मं रिकामं मैदान. चांगलं खेळलं तर शेवटच्या पानावर दोन ओळी, विक्रम हुकला तर मात्र बातमी. कौतुक हे कितीही केलं तरी कमी होत नाही ना? क्लार्कला मिळालं ते योग्यच, त्यातलं थोडं इकडेही यायला हवं होतं.

आता खेळातलं एक सांगते, कारण वर स्क्रीनबद्दल लिहिलंय ते वाचून अंगावर काटा आला. शॉट चुकल्याचं दुःख शूटिंग गार्डला फार वेळ करता येत नाही. त्रास होतो तो पळून पळून मोकळं झाल्यावर चेंडूच न येण्याचा. मोकळी आहेस, हात वर आहेत, पॉइंट गार्डने बघितलं नाही. परत पळ. एका सामन्यात असं पंधरा-वीस वेळा होतं आणि ते कुठल्याच स्कोअरशीटवर लिहिलं जात नाही. पाच वर्षं रोज हे करायचं, संघ हरत असताना करायचं, त्याला काय म्हणायचं मला शब्द सुचत नाही.

---

मिशिगनवासी

फुलराणी, तुमचा प्रतिसाद मी बायकोला मोठ्याने वाचून दाखवला. क्लार्कचा उल्लेख मूळ लेखात यायला हवा होता, माझी चूक. "मोकळं होऊनही चेंडू न येणं" हे मला बाहेरून दिसलं होतं, पण त्याचा त्रास आज कळला.

---

टेकडीवरचा

मिशिगनवासी, तुमचं उत्तर दोनदा वाचलं. मॅराविचचे वडीलही प्रशिक्षक होते हे माहीत नव्हतं. लीगबद्दल माझं मत पूर्ण बदललेलं नाही, पण "दुसऱ्या मुलाला दिले असते तर" हे वाक्य मागे घेतो.

---

रानजाई

मी पुन्हा. काल मुलाच्या शाळेचा सामना होता. तुम्ही सांगितलं तसं चेंडूकडे न बघता त्यांच्या दोन नंबरच्या मुलाकडे बघत बसले. पहिली पाच मिनिटं फार अवघड गेलं, डोळे आपोआप चेंडूकडे जायचे. मग जमलं. तो मुलगा सगळा वेळ पळत होता आणि त्याच्या वाट्याला जेमतेम सहा-सात वेळा चेंडू आला. घरी येताना मुलाला म्हटलं, अरे त्याला चेंडू देत जा. मुलगा माझ्याकडे बघतच राहिला, म्हणाला, आई, तुला कसं कळलं तो मोकळा होता ते?

---

जुना पिव्हट

रानजाईताई, मुलाला सांगा, पॉइंट गार्डने मान वर ठेवून ड्रिबल करायला शिकायचं. बाकी आपोआप येतं.

मिशिगनवासी, तुमच्या धाग्यामुळे आमच्या इथे एक बदल झालाय तो कळवतो. आमच्या कोर्टाशेजारी एक फळा आहे. त्यावर मी वर्षानुवर्षं एकच गोष्ट लिहीत आलो, हंगामातला सर्वाधिक स्कोअर आणि नाव. मागच्या आठवड्यात त्याच्या खाली दुसरी ओळ आखली : सलग किती सामन्यांत दहा किंवा जास्त. जुन्या वह्या काढून मोजत बसलो. एक मुलगी निघाली, नववीतली, जिचं नाव वरच्या ओळीत कधी आलं नव्हतं. तिची बेस्ट आहे अठरा, कुणाच्या लक्षात राहण्यासारखी नाही. पण गेल्या नऊ सामन्यांत एकदाही दहाच्या खाली गेलेली नाही. इतकी वर्षं शिकवतोय, माझ्याच नजरेतून सुटलं होतं. फळ्यावर नाव लिहिलं तर दोन दिवस ती त्या बाजूने गेलीच नाही, लाजून. तिसऱ्या दिवशी सरावाला सगळ्यांच्या आधी हजर.

तिला डेव्हिसचा आकडा सांगितला. १४४ ऐकून तिने विचारलं, "सर, मध्ये एकदाही आजारी नाही पडला का?"

दहावा सामना शनिवारी सकाळी सातला आहे.

---

फुलराणी ७

काका, शनिवारी संध्याकाळी इथे लिहा. वाट बघते.

---

मिशिगनवासी

मीही. इथे तेव्हा शुक्रवारची रात्र असेल, जागाच राहीन.